नांदेड, आवाज येतोय का?

आपा, त्या बादलीतल्या पाण्यानं केस मीच धुतले होते.

तुम्हाला हे त्याच दिवशी कळलं होतं. तुम्हाला कळलंय हे मलाही कळलं होतं. तरी पन्नास वर्षं मी चकार शब्द काढला नाही, आणि आता ऐकायला तुम्ही नाही म्हटल्यावर कबुली द्यायला बसलेय. म्हातारपणी माणूस शूर होतो तो असा.

हा कागद तुमच्यासाठी आहे, पण वाचणार दुसरेच. त्यांना काय ठाऊक कुठली बादली अन् कसलं पाणी! त्यांना थोडं समजावून सांगते. तुम्ही तोवर पान लावा.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. नांदेडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर म्हणून नुकतीच लागले होते. उदगीरच्या किराणा दुकानदाराची मुलगी, मॅट्रिक झालेली, मामाच्या घरी राहणारी आणि स्वतःला फार हुशार समजणारी. तेव्हा परगावी फोन करायचा तर ट्रंक कॉल लावावा लागे. माणूस आम्हाला नंबर सांगायचा, आम्ही बोर्डावर या गावाची दोरी त्या गावाच्या खोबणीत खुपसायचो, तेव्हा कुठं त्यांचं बोलणं व्हायचं. एक्स्चेंजच्या मागं जमिनीत तांब्याची एक पट्टी पुरलेली होती. तिच्याभोवतीची माती ओली असली तर लाईन साफ, सुकली की कानात नुसती खरखर. त्या वर्षी सगळा मराठवाडाच सुकला होता, तिथं त्या खड्ड्याची काय कथा. म्हणून रोज सकाळी खड्ड्यात मूठभर मीठ आणि बादलीभर पाणी ओतायचं, असा लाईनमनचा हुकूम होता. नवी पोरगी म्हणून ते काम माझ्या गळ्यात.

बाहेर बायका टँकरमागं घागरी घेऊन धावताहेत आणि आपण भरली बादली मातीत ओततोय, हे मला पहिल्या दिवसापासून पटत नव्हतं. असं म्हटलं की मी किती कनवाळू वाटते, नाही? खरं सांगते. मामाच्या घरी अंघोळीला माणशी एक तांब्या मिळायचा, माझे केस गुडघ्याला टेकायचे, त्यांना कित्येक दिवस पाणी लागलं नव्हतं, आणि त्या संध्याकाळी मला बघायला पाहुणे येणार होते. शिकेकाईची पुडी मी घरूनच नेली होती. म्हणजे गुन्हा अगदी ठरवून केला. खड्ड्यात मीठ तेवढं टाकलं, कोरडंच.

ते पाहुणे म्हणजेच पुढं आमचे हे. केस बघूनच होकार दिला, असं ते मरेपर्यंत सांगत होते. म्हणजे माझा अख्खा संसार त्या खड्ड्याच्या पाण्यावर उभा राहिला.

तुम्ही ड्यूटीवर आलात. डोक्यावरून पदर, हातात पानाचा डबा, तोंडात पान. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या ऑपरेटर, हमीदा आपा. शाळा उर्दूतून झालेली, आणि मराठी तुमच्या पानासारखी, थोडा चुना, थोडा कात, मधेच दख्खनी. लाईनवर आम्ही एकमेकींना गावाच्या नावानंच हाक मारायचो, "परभणी, नांदेड बोलतेय," "बोला नांदेड." ती सवय तुम्ही बोर्ड सोडल्यावरही सोडली नव्हती. मी उदगीरची, म्हणून मी उदगीर. महादेवी हे माझं नाव तुमच्या तोंडून मी एकदाच ऐकलं, लग्नाच्या मांडवात, आणि तेव्हा मीच वळून पाहिलं की कुणाला बोलवताहेत.

त्या सकाळी तुम्ही माझ्याकडं निरखून पाहिलंत.

"आज केस लई चमकून राहिले गे, उदगीर."

"तेल लावलंय, आपा."

"हौ. तेलाला शिकेकाईचा वास येतोय."

एवढंच. आणि माझ्या गालात सुपारी कोंबलीत.

ही सुपारीही वाचणाऱ्यांना सांगायला हवी. लाईन जोडल्यावर ऑपरेटरनं गप्प राहायचं असतं. बोलणं चालू आहे का बघायला मधूनमधून कान लावायचा, पण तोंड लावायचं नाही. मी पहिल्याच आठवड्यात तोंड लावलं होतं. एक जावई सासऱ्याला सांगत होता, स्टेशनवर आहे, गाडी लेट आहे, आणि मी मधेच म्हणाले, "अहो, हे लॉजवरून बोलताहेत." त्या संसाराचं पुढं काय झालं देव जाणे. त्या दिवसापासून तुम्ही ड्यूटी सुरू होताना माझ्या गालात अख्खी सुपारी ठेवायचात. चावायची नाही, थुंकायची नाही, ड्यूटी संपली की तुमच्या हातावर जशीच्या तशी परत द्यायची. मला वाटायचं, नव्या पोरींना शिकवायची ही एक्स्चेंजची रीतच असणार.

तर सुपारी गालात, तुमच्या शेजारी बसलेय, दुसरा हेडफोन माझ्या कानावर. आणि निलंग्याहून कॉल आला. पोस्टातून एक माणूस बोलत होता. त्याचा धाकटा भाऊ धर्माबादला मिरचीच्या अडतीत हमाली करायला गेला होता, त्याच्याशी बोलायचं होतं. तुम्ही लाईन जोडलीत आणि नुसती खरखर. थोरला ओरडतोय, धाकट्याला काही ऐकू येत नाही. दोघांचं म्हणणं आमच्यापर्यंत मात्र कसंबसं पोचत होतं. अशा वेळी ऑपरेटरनं मधे पडून इकडचं तिकडं सांगायचं असतं. तुम्ही पान बाजूला काढून ठेवलंत.

"बोला भाऊ, मी सांगते त्यांना."

थोरला म्हणाला, "त्याला म्हणावं, आई गेली."

मी तुमचा दंड धरला. मान हलवून सांगत होते, नका, असं एकदम नका. तुम्ही माझ्याकडं पाहिलंही नाही.

"धर्माबाद, तुमचा दादा बोलतोय. आई गेली."

"काय? कोण?"

"आई गेली."

तिसऱ्यांदा सांगितलंत, त्याच आवाजात, ना चढवून ना उतरवून. मग तिकडून काहीच नाही. मला वाटलं लाईन तुटली. तुमचं बोट वर होतं, थांब. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "दादाला इचारा, शेवटचं पाणी पाजलं का?"

तुम्ही विचारलंत. निलंग्याचा माणूस म्हणाला, "पाजलं. घरात नव्हतं. शेजाऱ्यांनी दिलं."

आणि तुम्ही ते सगळं सांगितलंत. पाजलं. घरात नव्हतं. शेजाऱ्यांनी दिलं.

कट्कन आवाज झाला तो माझ्या तोंडात. सुपारी फुटली होती.

कॉल संपल्यावर मी तुमच्यावर तुटून पडले. ओल्या केसांची, वीस वर्षांची, अक्कल शिकवायला निघालेली! "घरात पाणी नव्हतं हे सांगायलाच पाहिजे होतं का? 'पाजलं' एवढं पुरे नव्हतं? आणि आई गेली असं तोंडावर फेकायचं? आजारी आहे, ये, असं सांगितलं असतं तर गावी पोचेपर्यंत तरी..."

"त्यानं तोंड उघडून सांगितलं," तुम्ही म्हणालात, "मी कोण गिळणारी?"

"पण आपा..."

"तार आपली हाय गे. बात त्यांची. त्यात आपल्या पदरचं घालायचं न्हाई अन् त्यातलं काढायचं बी न्हाई."

मी रडायला लागले. तुम्हाला वाटलं असेल त्या आईसाठी. मी रडत होते त्या पाण्यासाठी, जे माझ्या केसांतून तेव्हाही पाठीवर ठिबकत होतं. एका बादलीनं लाईन सुधारली असती का, हे आजही मला सांगता येणार नाही. पुढं एका इंजिनिअरला विचारलं तर तो हसला. पण तुम्ही हसला नाहीत. फुटक्या सुपारीचे तुकडे माझ्या हातावरून उचललेत आणि म्हणालात, "उद्यापासून बादली घालायला जाशील ना, तर आधी फाटकाकडं बघायचं. कुणी बाई घागर घेऊन उभी असली तर अर्धी तिला, अर्धी खड्ड्याला. लाईन खरखरली तर मी हाय."

केसांचा विषय नाही. तेव्हाही नाही, नंतरही कधी नाही. एकदा रागावला असतात तर मी त्याच दिवशी सुटले असते.

तुमच्याकडून मी काय शिकले ते लोक मला विचारतात, आणि सांगायला गेलं तर फारच बारकं निघतं. लाईनवर गप्प झालेल्या माणसाची दोरी उपटायची नाही, हे शिकले. "गप हाय म्हणजे झालं न्हाई," तुम्ही म्हणायचात. कुणी रडत असलं की कॉलची ठरलेली तीन मिनिटं झाली तरी तुम्ही घड्याळाकडं पाहायचं सोडून छताच्या पंख्याकडं बघत बसायचात. साहेब मागं येऊन उभा राहिला तर म्हणायचात, "लाईन तपासून राहिले, साहेब." ऐन गर्दीत, बोर्डावरचे सगळे दिवे एकदम लागलेले असताना, आधी ज्याचा आवाज कापतोय त्याला घ्यायचं, हे शिकले. आणि तुमच्या डब्यातलं पान चोरायला शिकले. तेही तुम्हाला ठाऊक होतं. सगळ्यात वरचं पान तुम्ही बिनतंबाखूचं ठेवायला लागलात तेव्हा मला कळलं.

लग्नानंतरही मी नांदेडलाच होते. मग लातूर जिल्हा झाला. किती गुलाल, किती मिरवणुका, आणि अभिनंदनाचे किती कॉल! बोर्डावर आमचे हात पुरेनात. उदगीरही त्या नव्या जिल्ह्यात गेलं, म्हणून वडिलांनी दुकानात पेढे वाटले. लातूरचं एक्स्चेंज वाढणार होतं, नव्या मुली भरणार होत्या, त्यांना शिकवायला अनुभवी बाई हवी होती. तुम्ही माझं नाव सुचवलंत. मला न विचारता.

ह्यांची बदली आधीच लातूरला झालेली. सगळे म्हणत होते, काय नशीब काढलंस. मी एकटीच तोंड सुजवून बसले होते.

"मला नांदेडातच राहायचंय, आपा. मी अजून शिकतेय."

"धा वर्षं शिकून राहिलीस. आता खुर्ची सोड. तुझ्या जागी नवी पोरगी बसू दे."

"तुम्हाला मी नकोशी झाले."

"हौ," तुम्ही म्हणालात. "माझी पानं लई खातीस."

सासरी जाताना मी रडले नव्हते. नांदेडहून लातूरला निघाले तेव्हा एसटीत अशी रडले, की कंडक्टरनं लोह्याला विचारलं, "ताई, माहेर कोणतं?" मी म्हणाले, टेलिफोन एक्स्चेंज. तो माझ्यापासून दोन सीट लांबच राहिला.

लातूरला पहिल्याच सकाळी लाईन तपासायला दिवा लागला. मी दोरी खुपसली.

"लातूर, नांदेड बोलतेय. आवाज येतोय का?"

एका क्षणात मी उदगीरची लातूर झाले होते. हळूच म्हणाले, "येतोय."

"मग मोठ्यानं बोल की! जिल्ह्याचं ठिकाण हाय आता."

मग तुम्ही मला शिकवत राहिलात ते असं, रोज सकाळी, लाईन तपासायच्या निमित्तानं. आणि मला शिकवण्याची फार गरज होती, कारण शिकवायला लागल्यावर मी जी बाई झाले तिला बघून मला आज हसू आवरत नाही. भुवया चढवलेल्या. हातात पानाचा डबा. पान मला पचत नव्हतं, तरी डबा हवाच. आणि हो, सुपारी!

माझ्या हाताखाली पहिली आली ती सुनंदा. अहमदपूरची, शेलाटी, खाली मान घालून बसणारी. मी तिच्या गालात सुपारी ठेवली आणि तुमच्यासारखा आवाज काढून म्हणाले, "चावायची नाही." तिनं बरेच दिवस मुकाट्यानं ठेवली. मग एकदा सुपारी ओढणीत गुंडाळून माझ्यासमोर आणून ठेवली आणि इतक्या बारीक आवाजात बोलली की मला पुढं वाकावं लागलं.

"बाई, ही कशासाठी असते? मी तशीही बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी लाईनवर तुमच्याकडं तक्रार केली, की आजकालच्या पोरी रीत पाळत नाहीत, सुपारी परत करतात. तुम्ही इतक्या हसलात की तुम्हाला ठसका लागला. मधे परभणीची ऑपरेटर लाईनवर येऊन विचारून गेली, काय झालं नांदेडला?

"अगे येडी," तुम्ही म्हणालात, "सुपारी तुझ्यासाठी व्हती. तुझं तोंड बंद ऱ्हात नव्हतं म्हणून. दुसऱ्या कुन्या पोरीला मी कवाच न्हाई दिली."

दहा वर्षं ज्याला मी विद्या समजत होते तो माझ्यापुरता बनवलेला बूच होता. इतकं अपमानास्पद आणि इतकं मायेचं दुसरं काही माझ्या वाट्याला आलेलं नाही.

मग मी सुनंदाकडं नीट पाहिलं. तिला गप्प करायची नव्हती, तिचा आवाज काढायचा होता. रोज दुपारी तिला खिडकीत उभी करून रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला हाक मारायला लावली. "बिस्मिल्लाभाई, चार चहा!" पहिले कित्येक दिवस चहा आलाच नाही. ज्या दिवशी आला त्या दिवशी सगळ्या बोर्डानं टाळ्या वाजवल्या. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की तुम्ही मला लातूरला हाकललं ते बरं केलंत. तुम्हाला तसं सांगितलं मात्र नाही. उगाच डोक्यावर बसला असतात.

आता आपल्या त्या भांडणाकडं येते. बादलीपेक्षा ते मला जास्त टोचतंय.

एका उन्हाळ्यात देवणीकडून कॉल होता. एक म्हातारे गृहस्थ, त्यांची पुतणी सोलापूरला नर्सिंग शिकत होती. लाईनला तीच खरखर. मला मधे पडावं लागलं. ते म्हणाले, "तिला सांगा, बाप गेला तिचा. निघून ये म्हणावं."

शेजारी सुनंदा बसलेली, दुसरा हेडफोन तिच्या कानावर. पलीकडं ती पोरगी, "हॅलो, काका? हॅलो?" म्हणत होती. आवाज असा कोवळा. माझ्या गालात तेव्हा सुपारी नव्हती.

मी म्हणाले, "तुझ्या काकांचा निरोप आहे. बाबा आजारी आहेत. मिळेल त्या गाडीनं ये."

देवणीचे काका ऐकत होते. म्हणाले, "हां. तसंच सांगा."

सकाळी मी तुम्हाला हे मोठ्या दिमाखात सांगितलं. निलंग्याच्या कॉलचं उट्टं निघालं म्हणून. तुम्ही बोलेनात. मी दोरी उपटली नाही, तुम्हीच शिकवलेलं. बऱ्याच वेळानं तुमचा आवाज आला, आणि त्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"ती पोरगी गाडीत बसून रस्ताभर काय काय कबूल करत आली आसंल गे. हा उपास करीन, तो नारळ फोडीन, फक्त बाबा वाचू दे. ते नवस कोण फेडणार आता? तू?"

"पण रस्ता तरी कापला ना तिनं. एकटी पोर, रडत कशी आली असती?"

"माणूस गेलेला, अन् ती वाचवून राहिली. लातूर, तू तिला खोट्या कामाला लावलंस."

पलीकडं दुसरा दिवा लागला आणि तुम्ही लाईन सोडलीत. त्यानंतर आपण हे भांडण कितीदा काढलं! तुम्ही म्हणायचात, नवस कोण फेडणार. मी म्हणायचे, रस्ता कसा कापायचा. दोघींकडं एकेकच वाक्य, आणि दोघीही मागं हटायला तयार नाहीत. सुनंदा लग्न होऊन नांदेडला गेली, तुमच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तुमच्याच हाताखाली बसली. तिला मी गमतीनं विचारायचे, "कुणाची बाजू घेतेस?" ती म्हणायची, "मी लाईनवर असते, बाई. ऑपरेटरनं मधे बोलायचं नसतं." चहावाल्याला हाक मारायला शिकवली ती चूक झाली, असं तेव्हा वाटायचं.

मग लोक घरूनच थेट फोन लावायला लागले. बोर्ड निघाले, दोऱ्या भंगारात गेल्या. मी दोरीचा एक तुकडा पिशवीत घालून आणला, नात तिच्याशी दोरीउड्या खेळायची. तुम्ही निवृत्त, मी निवृत्त. पण सकाळचा फोन तुम्ही सोडला नाहीत. घरच्या फोनवर, पुढं तुम्ही जिच्याकडं राहायचात त्या भाचीच्या मोबाईलवर. "लातूर, नांदेड बोलतेय. आवाज येतोय का?" मग लाईन तपासून झाली, की गुडघे, भाचीची मुलं, माझी सून, कुणाच्या पानात किती चुना. माझी नात विचारायची, "आजी, तुम्ही दोघी एकमेकींना गावाच्या नावानं का बोलता?" मी सांगायचे, आम्ही गावंच होतो.

गेल्या काही दिवसांत तुमचा आवाज फार लांब गेला होता. "नांदेड, मोठ्यानं बोला," मी म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, "खड्ड्यात पाणी घाल आधी." शेवटी तर मीच फोन लावायचे आणि भाचीच उचलायची. आपा झोपल्यात. आपा आत्ताच झोपल्या.

आणि मंगळवारी सकाळी सुनंदाचा फोन आला.

"बाई, आपा आजारी आहेत. मिळेल त्या गाडीनं या."

आपा, मी टेलिफोनच्या बोर्डावर उभं आयुष्य घालवलं. हे वाक्य माझं होतं, शब्दन् शब्द. मी ओळखायला हवं होतं. बावळट म्हातारी, पिशवीत स्वेटर भरून निघाले, तुम्हाला थंडी वाजत असेल म्हणून. बसायला खिडकीची जागा मिळाली ते शुभ मानलं.

चाकूरला मी महादेवाला अभिषेक कबूल केला. अहमदपूरला पाच सोमवार वाढवले, आणि लगेच वाटलं, महादेवाला हमीदा आपांची कितपत ओळख असणार, म्हणून तुमच्या बाजूनं दर्ग्याला चादर कबूल केली. लोह्याच्या पुढं रस्ता खराब लागला तशी मी घाबरले आणि चहा सोडला. चहा, आपा! मी! शेजारची बाई विचारत होती, मावशी, काय पुटपुटताय? मी म्हटलं, एका बाईला वाचवून राहिले.

नांदेडला पोचले तर दारात चपला. अंगणात गल्लीतले लोक उभे. तुम्ही पहाटेच गेला होतात. बायकांनी मला आत नेलं, तुमचा चेहरा पाहायला मिळाला. तोंड मिटलेलं, पानाचा रंग अजून ओठांवर. मी तुमच्या कपाळाला हात लावला आणि काही सुचेना, तर म्हणाले, "नांदेड, लातूर बोलतेय." मग थांबले. गप्प आहे म्हणजे झालं नाही, असं मलाच सांगत, बराच वेळ थांबले. शेवटी भाचीनं मला हाताला धरून उठवलं.

तुम्हाला नेल्यावर मी सुनंदाला मागच्या खोलीत गाठलं. तीही आता आजी झालीय, केस पांढरे. मी तिच्यावर तुटून पडले, ओल्या केसांनी तुमच्यावर पडले होते तशीच. मला खोटं का सांगितलंस? पहाटेच गेल्या तर गेल्या म्हणायचं. रस्ताभर मी काय काय मागत आले ते माझं मला ठाऊक. चहा सोडलाय मी! आपा म्हणायच्या तेच खरं होतं, ते नवस आता कोण फेडणार?

बोलता बोलता मला कळत होतं, की मी तुमचं वाक्य बोलतेय. भांडण तुम्ही जिंकला होतात. आणि सांगायला तुम्ही नव्हतात.

सुनंदानं माझं सगळं ऐकून घेतलं. मी गप्प झाले तरी ती थांबली, माझं झालंय का ते बघत. मग डोळे पुसले आणि अगदी सरळ आवाजात, ना चढवून ना उतरवून, म्हणाली:

"बाई, मी माझ्या पदरचा एक शब्द घातला नाही. आपांनीच सांगून ठेवलं होतं. म्हणाल्या, 'मी गेले की लातूरला आजारी हाय म्हण. रस्ताभर माझ्यासाठी मागत येईल ती. येऊ दे मागत. माझ्यासाठी कुणी एवढ्या लांबून मागत आलं तर मला कायकू नक्को? अन् आल्यावर भांडायला लागली तर म्हणावं, नवस तुझे तूच फेड.'"